फिनबारने मारलेला एकच ठोका

मित्रांनो, ढोल दिसला की तुमचे हात शिवशिवतात, ठाऊक आहे मला. पण माझ्याजवळ येऊन उपयोग नाही. माझं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडलंय, दोऱ्या उंदरांनी कुरतडल्यात, आणि खरं सांगायचं तर वाजायची इच्छाच उरलेली नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिंपं बांधायच्या एका कारखान्याच्या माळ्यावर मी पडून आहे. मी जुना ढोल आहे, पण फुटका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावातली पोरं मला फुटका म्हणतात आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

मला घडवलं ते इथे पिंपं बांधणाऱ्या गास्तोंच्या बापाने. आमच्याकडे द्राक्षांची कडक दारू ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. तसल्याच एका थकलेल्या पिंपाच्या फळ्या त्याने तासल्या, आगीवर वाकवल्या, लोखंडी कड्यांत आवळल्या आणि दोन्ही तोंडांवर वासराचं कातडं ताणून बसवलं. पहिल्या जत्रेत मला बघायला आलेले लोक माझ्या वासानेच झिंगले, अशी थट्टा गावात पुढे कित्येक वर्षं चालायची. मला ती आवडायची. कोणाला आवडणार नाही?

काय दिवस होते ते! लग्न असो, जत्रा असो, रविवारी गावच्या मैदानावर रग्बी असो, माझ्यावाचून कोणाचं पान हलत नसे. आमच्या गावात पोर चालायला लागलं की त्याच्या काखेत तो लांबट चेंडू देतात. चिखलात लोळून, नाकं फोडून घेऊन खेळाडू बाहेर आले की गास्तोंचा बाप मला असा काही बडवायचा की चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडून जायची. थंडीत माझं पान ओलावलं की मला चुलीजवळ घेऊन बसायचे. घरातल्या म्हाताऱ्याला आधी जागा देतात, तशी मला द्यायचे.

बाप गेला, मी गास्तोंकडे आलो. गास्तोंसुद्धा पिंपंच बांधायचा. हात मोठे, आवाज मोठा, अक्कल बेताची. पण मनाने चांगला. तो मला मायलिसच्या कॅफेत घेऊन गेला, कारण सामने बघायला सगळं गाव तिथेच जमायचं. टीव्हीसमोर लाकडी घोडीवर माझी कायमची जागा झाली. गुण मिळाला की गास्तों मला ठोकायचा, आणि मायलिस आतून ओरडायची, "अरे हळू! पेले पडतायत माझे!"

आणि मग आमच्यात फिनबार आला.

चर्चच्या भिंतीचे दगड निखळले होते, ते बसवायला आला होता तो. आयर्लंडमधल्या लिमरिकचा पाथरवट. लाल केस, लांब हात, आणि फ्रेंच अशी बोलायचा की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग दया. काम संपलं, पण तो काही परत गेला नाही. मायलिसच्या हातचं लसणाचं सूप प्यायला आणि तिथेच अडकला. लग्न झालं त्यांचं. वरातीत मी होतो.

गास्तोंची आणि फिनबारची तो गावात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जुंपली होती. युरोपातल्या क्लबांचा जो मोठा कप असतो, तो कोणत्या देशाने जास्त वेळा नेला, यावरून. आता तुम्ही म्हणाल, कप क्लबांचा, त्यात देश कुठून आला? तेच तर! एरवी आमचे लोक शेजारच्या गावच्या क्लबचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात. पण समोर आयर्लंड किंवा इंग्लंडचा संघ आला, की कुठलाही फ्रेंच क्लब लगेच 'आपला' होतो.

"आमचे कप जास्त," गास्तों म्हणायचा. "विषय संपला."

"संपला कुठे लेका?" फिनबार म्हणायचा. "आमचे संघ चार. चारच! तुमच्याकडे गल्लोगल्ली क्लब आहेत. भागाकार कर की जरा."

"कप मोजतात, बाबा. भागाकार शाळेत करतात."

"आणि तुमचे अर्धे खेळाडू कुठले रे? फिजीचे, आफ्रिकेचे. त्यांनी आणलेला कप तुझा कसा?"

"आणि तू स्वतः कुठला? माझ्या गावात बसून माझी दारू पितोयस!"

मग दोघं हसायचे आणि अजून एकेक पेला मागायचे. शेवटी असं ठरलं, की फिनबार गावात आला त्या वर्षापासूनचा हिशेब माझ्या अंगावर ठेवायचा. फ्रान्सचा निळा तारा, आयर्लंडचा हिरवा. इंग्लंडचे रंगवायचेच नाहीत असं गास्तों म्हणत होता. फिनबारने ऐकलं नाही. "मोजायचं तर सगळ्यांचं मोज. खोटा ढोल वाजवायचा नाही," असं म्हणून त्याने पांढरा रंग स्वतः आणून दिला. पांढऱ्या ताऱ्यांकडे पुढे दोघंही बघत नसत, पण ते माझ्या अंगावर होते. हिरवे मात्र निळ्यांच्या मागेच राहायचे. त्याचं फिनबारला वाईट वाटायचं, अगदी मनापासून.

आता त्या शांततेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

फिनबारच्या पहिल्या वर्षी एका सामन्यात आयर्लंडचा खेळाडू किक मारायला, म्हणजे दोन उंच खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवायला, उभा राहिला. आमची सगळी मंडळी शिट्ट्या मारायला लागली, गास्तोंने मला धडाधड बडवलं. फिनबार उठून उभा राहिला, ओठांवर बोट ठेवलं.

"आमच्या लिमरिकच्या मैदानावर परक्या संघाचा माणूस किक मारायला आला, तरी सगळं मैदान गप्प होतं. टाचणी पडली तर ऐकू येते. त्याला मारू देतात. मग बोलतात."

खाटीक लुसियाँ हसला. "अरे पण हा टीव्ही आहे, शहाण्या! त्या किक मारणाऱ्याला ऐकू जातंय होय आपलं?"

"त्याला नाही जात," फिनबार म्हणाला. "पण तुम्हाला जातं ना?"

काय जादू झाली कोण जाणे, पण आमच्या लोकांना ते लागलं. त्यांनी ती रीत उचलली, आणि एकदा उचलल्यावर फिनबारपेक्षाही कडक पाळली. किक आली की मायलिस कॉफीचं यंत्र बंद करायची. रडणारं पोर बाहेर नेलं जायचं. एकदा लुसियाँला नेमकी तेव्हाच शिंक आली, तर त्याला साऱ्या कॅफेला दारू पाजावी लागली. शेजारच्या गावांतले लोक आमची टर उडवायचे, "टीव्हीसमोर प्रार्थना करणारे" म्हणायचे. आमच्या लोकांना त्याचाच अभिमान. किकच्या वेळी तोंड उघडणारा माणूस आमच्याकडे हलका समजला जाई. आणि त्या सगळ्यांत कधीही, एकदाही शांतता न मोडलेला माणूस कोण, तर फिनबार.

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग एका हिवाळ्यात भिंत बांधता बांधता फिनबार खाली बसला. हृदय. इस्पितळातून आला तो निम्मा होऊन आला. दारू बंद, मीठ बंद, दगड बंद. आणि डॉक्टरांनी सामनेही बंद करायला सांगितलं. बाकी सगळं त्याने ऐकलं, पण त्या वर्षी अंतिम सामना नेमका आयर्लंडच्या आणि फ्रान्सच्या संघात आला. फिनबार हट्टाला पेटला.

"अजून एक हिरवा तारा बघून जाऊ दे गं मला," तो म्हणाला.

"जाऊ दे म्हणजे? कुठे जायचंय तुला?" मायलिसचे डोळे भरून आले. तिने हात पुसले आणि सरळ गास्तोंकडे आली. मी तिथेच होतो, शब्द न् शब्द ऐकलाय.

"गास्तों, मला आत राहावं लागतं, आणि किक मला बघवत नाही. तू त्याच्या शेजारी बस. कपाकडे कमी बघ, त्याच्याकडे जास्त बघ. काही झालं तर समोर नगरपालिकेच्या भिंतीवर ते हृदय सुरू करायचं यंत्र टांगलंय. पळत जायचं. बोल, बसशील?"

गास्तोंने माझ्या पानावर हात ठेवला. "बापाच्या ढोलाची शपथ. नजर हटणार नाही माझी."

माझी शपथ घेतली होती त्याने. त्या शपथेची मला आजही लाज वाटते, जरी मी काही केलं नाही तरी.

मे महिन्यातली ती दुपार. कॅफेत पाय ठेवायला जागा नाही. मी मध्ये, माझ्या एका बाजूला गास्तों, दुसऱ्या बाजूला फिनबार, गळ्यात त्याच्या लिमरिकच्या संघाचा लाल मफलर. पहिल्या अर्ध्यात गास्तोंने शपथ पाळली. पुन्हा पुन्हा मान वळवून विचारायचा, "बरा आहेस ना रे?" फिनबार वैतागून म्हणायचा, "तिकडे बघ! मी काय चेंडू आहे का?" सगळे हसायचे.

दुसऱ्या अर्ध्यात खेळ रंगला आणि गास्तोंचं विचारणं कमी कमी होत बंद पडलं.

शेवटी आयर्लंडचा संघ दोन गुणांनी पुढे होता. वेळ संपली होती, पण रग्बीत चेंडू थांबेपर्यंत खेळ चालूच राहतो. हिरवा तारा माझ्या अंगावर आलाच होता म्हणा. आणि तेवढ्यात पंचाने फ्रेंच संघाला किक दिली. गेली तर तीन गुण, आणि कप आमचा. नाही गेली तर त्यांचा.

कॅफे गप्प झाला. कॉफीचं यंत्र थांबलं. आत मायलिसने नळ बंद केला. फ्रेंच खेळाडूने चेंडू ठेवला, मागे मागे गेला, उभा राहिला.

त्या शांततेत फिनबारचा गुडघा माझ्या घोडीला आपटला. तो उठायला बघत होता, उठता येत नव्हतं. तोंड उघडं, पण आवाज नाही. लोक सगळे पडद्याकडे. मग त्याने हात उचलला, केवढ्या कष्टाने उचलला, आणि उघड्या तळहाताने मला मारलं.

धप्प.

मोठा नव्हता तो ठोका. पण त्या शांततेत मोठा झाला. सगळी खोली फुत्कारली, "श्शऽऽ!" लुसियाँ दात आवळून म्हणाला, "हरायला आला तर लगेच दगा!" फिनबारचा तळहात माझ्यावरच होता. थंडगार, घामाने भिजलेला. बोटं माझं पान खरवडत होती. दुसरा ठोका मारायचा होता त्याला. ताकद नव्हती.

गास्तोंने मान वळवली नाही. पडद्यावरची नजर न काढता त्याने चाचपडून तो हात धरला आणि माझ्यावरून बाजूला केला.

"रडीचा डाव नको, फिनबार," तो पुटपुटला.

किक खांबांमधून गेली.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगतो. गास्तोंने मला खांद्यावर टाकलं, आणि सगळं गाव आरडाओरडा करत चौकात. नाचत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. नगरपालिकेच्या भिंतीसमोर, ज्या भिंतीवर ते यंत्र टांगलेलं होतं तिच्याच समोर, गास्तों मला जीव खाऊन बडवत होता. मीही वाजलो. चांगला वाजलो. इतका चांगला मी आयुष्यात कधी वाजलो नसेन.

आत काय झालं ते नंतर मायलिसच्याच तोंडून ऐकलं. ती बिनमिठाचं सूप घेऊन बाहेर आली. फिनबार खुर्चीत मान खाली घालून बसलेला. तिला वाटलं, रुसलाय. "अरे, पुढच्या वर्षी आणतील तुमचे. चल, गरम आहे तोवर घे," असं म्हणून तिने वाडगा ठेवला, त्याचे केस नीट केले. मग तिने हाका मारायला सुरुवात केली. गास्तोंला, लुसियाँला, सगळ्यांना. आम्हाला एकही ऐकू आली नाही. कारण मी वाजत होतो.

डॉक्टर म्हणाले, लगेच कोणी धावलं असतं तर कदाचित. एवढंच म्हणाले.

फिनबारला पुरलं. निळा तारा कोणी रंगवला नाही. गावाला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण गावाला तोंडही असतं. महिनाभरात कुजबुज सुरू झाली. आयुष्यभर आपल्याला शांतता शिकवली, आणि शेवटच्या किकला स्वतःच मोडली! कुणी हसून म्हणायचं, कुणी कडवटपणे. लुसियाँ तर उघड म्हणाला, "माणूस चांगला होता, पण मरता मरता आयरिशच निघाला."

मायलिसच्या कानावर ते आलंच. एका सकाळी कॅफेत कोणी नसताना तिने गास्तोंला समोर बसवलं.

"ठोका मीही ऐकला होता, आतून," ती म्हणाली. "तू शेजारी होतास. खरं सांग. त्याने दगा म्हणून मारला, की तुला बोलावत होता?"

मला वाटलं, आता हा सांगेल. सांग रे, मी मनात ओरडत होतो, सांग! तिच्या नवऱ्याचं नाव तेवढं परत दे तिला.

गास्तों कॉफीच्या पेल्यात बघत राहिला. "थट्टेत मारला असेल," तो म्हणाला. "तो... आम्हाला हसवत होता, मायलिस. माझ्याकडे बघून हसला."

हसला! त्याच्याकडे बघून! बघितलं होतं का याने? त्या क्षणी माझ्या सगळ्या दोऱ्या तटातट तुटल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या माणसाच्या हातून इतकी वर्षं वाजलो होतो, आणि मला त्याची किळस आली. मायलिसने मान हलवली. त्याच दिवशी तिने भिंतीवरचा फिनबारचा फोटो मुदपाकखान्यात नेला. लोकांसमोर त्याचं नाव काढेनाशी झाली. आपल्याच माणसाची लाज वाटणं म्हणजे काय, ते मी तिच्या तोंडावर रोज बघत होतो.

वर्ष गेलं. गास्तों वाळत चालला. मला त्याने हात लावला नाही. माझं पान सैल पडायला लागलं ते तेव्हापासून.

पुन्हा मे आला, पुन्हा अंतिम सामना. पुन्हा आयर्लंडचा एक संघ, पुन्हा फ्रान्सचा. मायलिसला सामना लावायचा नव्हता, पण लोकांनी गळ घातली. कॅफे भरला. फिनबारच्या खुर्चीत कोणी बसलं नाही, एवढं मात्र गावाने पाळलं. गास्तों माझ्या शेजारी बसला. चेहरा पांढरा फटक.

सामना संपत आला तेव्हा आयर्लंडच्या खेळाडूला किक मिळाली. पुन्हा तीच शांतता. कॉफीचं यंत्र थांबलं, नळ थांबला.

गास्तोंने तळहात उचलला आणि मला मारलं.

धप्प.

"श्शऽऽ!" सगळी खोली. "गप्प बस, गास्तों!" लुसियाँ. एकानेही पडद्यावरून नजर काढली नाही.

गास्तों उभा राहिला. पडद्यासमोर जाऊन, लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

"बघा," तो म्हणाला. आवाज फाटत होता त्याचा. "एकाने तरी वळून बघितलं का? मी आत्ता इथे मेलो असतो तर? असाच मारला होता त्याने. दगा नव्हता तो. हसलाही नाही माझ्याकडे बघून. मी बघितलंच नव्हतं, तर हसला कसं सांगणार? तो मला बोलावत होता. मला!"

मायलिस मुदपाकखान्याच्या दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने टीव्ही बंद केला. चेंडू अजून जमिनीवरच होता. ती किक गेली की नाही, त्या खोलीत त्या दिवशी कोणाला कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

"घरी जा सगळे," ती म्हणाली.

लुसियाँ टोपी हातात घेऊन तिच्यासमोर थांबला, काहीतरी बोलायला गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो टोपी घालून निघून गेला. गास्तोंसुद्धा निघाला.

"तू थांब," मायलिस म्हणाली. "त्याने हात मारला. मग तू काय केलंस?"

"बाजूला केला. हात बाजूला केला त्याचा."

"काही बोललास?"

गास्तोंने माझ्या पानावर हात ठेवला.

"रडीचा डाव नको, असं म्हणालो."

"म्हणजे त्याने शेवटचं हे ऐकलं."

"हो."

मायलिसने खुर्ची ओढली, फिनबारची, आणि तिच्यात बसली. रडली नाही. म्हणाली, "हा ढोल घेऊन जा. आणि तू परत येऊ नकोस." मग उठून आत गेली आणि फिनबारचा फोटो आणून भिंतीवर होता तिथेच लावला.

तेव्हापासून मी इथे आहे. ताऱ्यांचे रंग उडालेत; निळा कुठला, हिरवा कुठला, सांगता येत नाही. पण वासराचं कातडं घाम पिऊन घेतं. माझ्या पानावर, जरा कडेला, एका तळहाताचा काळसर डाग आहे, आणि खाली चार बोटांचे ओरखडे. गास्तों कधीकधी माळ्यावर येतो, त्या डागासमोर बसतो आणि खाली जातो.

मित्रांनो, मला वाजवू नका, रंगवूही नका. एवढंच करा. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, सगळे गप्प असताना कुणीतरी नको तेव्हा आवाज करेल. तुम्हाला राग येईल. गप्प बस म्हणायच्या आधी एकदा वळून त्याच्याकडे बघा. त्या दिवशी मी ओरडलो होतो, जेवढं एका तळहाताने ओरडता येतं तेवढं. ऐकलं सगळ्यांनी. बघितलं कोणीच नाही.